पान चौदा, बाई

शालिकभाऊ माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच, "पान चौदा, बाई." आणि फोन ठेवून दिला. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी मूल गावातल्या माझ्या घरी लॅपटॉपपुढे बसून नेहमीचाच प्रश्न विचारायला त्यांना फोन केला होता आणि त्यांनी नेहमीचंच उत्तर दिलं होतं. मला रागही नेहमीचाच आला. फळ्यापुढे उभं राहून जिचे केस पांढरे झाले, त्या बाईला कुणी असं पान दाखवून गप्प करतं का? मनात म्हटलं, आता आठवडाभर फोन करायचाच नाही, बघू कोण आधी बोलतं. दुपारी बाराच्या सुमारास त्यांच्याच नंबरवरून फोन आला. मी जिंकल्याच्या थाटात उचलला. पलीकडे त्यांच्या पत्नी, पंचफुलाबाई होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "हे गेले जी..."

त्याला आता दोन महिने होत आले. लोक आपल्या माणसाचे अखेरचे शब्द जपून ठेवतात. माझ्या वाट्याला पान क्रमांक आला. पण ते कोणतं पान आणि मी त्याच्यावर कशी जाऊन बसले, हे सांगायचं तर आधी शालिकभाऊंच्या पुस्तिकेबद्दल सांगावं लागेल.

शालिक रामटेके भद्रावतीचे. नोकरीभर एका कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचे. यंत्र चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, कोणतं बटण चुकूनसुद्धा दाबायचं नाही, असलं सगळं. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक नातवंडं सांभाळतात नाहीतर घरावर मजला चढवतात. शालिकभाऊंनी संगणकावरची एक अवजारपेटीच उचलली. बाहेरदेशी कुणी कुणी लिहून जगाला फुकट दिलेले हे प्रोग्राम. आपण साध्या अक्षरात मजकूर लिहायचा, शीर्षकापुढे एक खूण, ठळक शब्दाभोवती दोन तारे, बस. मग पडद्यावर आज्ञा देण्याची एक काळी खिडकी उघडून तिच्यात एका ओळीची आज्ञा लिहायची की त्याच मजकुराचं छापखान्याला लागणारं पान होतं, वेबसाइटचं पान होतं, मोबाइलवर वाचायचं पुस्तकही होतं. यांची माहिती होती, नाही असं नाही. पण ती इंग्रजीत, आणि ज्यांना आधीच सगळं येतं त्यांच्यासाठी लिहिलेली. शालिकभाऊंनी ठरवलं, ही माहिती आपल्या लोकांसाठी मराठीत लिहायची, आणि अशी लिहायची की वाचणाऱ्याला कुणाला काही विचारावं लागू नये.

आमची ओळख झाली ती भद्रावतीच्या बुद्धविहारातल्या वाचनालयात. संगणकावर मराठी कसं लिहावं याची एक दिवसाची शिकवणी होती आणि मी चंद्रपूरला गाडी बदलून, धापा टाकत तिथे पोचले होते. माझे बाबा आमच्या गावच्या तलावात जाळं टाकायचे. त्यांच्या तोंडी पाण्याच्या रंगाची, गाळाची, जाळ्याच्या गाठींची, माशांच्या वयाची इतकी नावं होती की ती गोळा करता करता माझ्या सात वह्या भरल्या. त्या वह्या मी पैसे देऊन एका दुकानात टाईप करून घेतल्या होत्या, आणि आता त्या फाईली दुसऱ्या कुठल्याही संगणकावर उघडल्या की मुंग्यांची रांग फुटावी तशा दिसत. शालिकभाऊंनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, मजकूर साधा ठेवाचा. कपडे मागून घालता येते. तुमी त कपडेच शिवून ठेवले, आंग कुठी आहे याचा पत्ताच नाई." मी भर सभेत लाजले. मग सातही वह्या पुन्हा, साध्या अक्षरात, स्वतः टाईप करायला बसले. दोन पावसाळे गेले त्यात.

आता त्यांच्या परीक्षेबद्दल. पुस्तिकेचं एक पान लिहून झालं की शालिकभाऊ एखाद्याला घरी बोलवत. त्याची फाईल आपल्या हातानं आपल्या संगणकात टाकत, काळी खिडकी उघडून देत, पुस्तिकेचे कागद त्याच्या पुढ्यात ठेवत आणि स्वतः खोलीबाहेर जात. दारापाशी निळ्या प्लास्टिकचं एक स्टूल. त्यावर खोलीकडे पाठ करून, मांडीवर वही घेऊन बसत. आतल्या माणसानं एकेक पायरी मोठ्यानं वाचत काम करायचं आणि बाहेर ते कुठे वाचतोय, कुठे थांबतोय, हे शालिकभाऊंनी लिहून घ्यायचं. आतून कितीही हाका आल्या तरी उत्तर द्यायचं नाही. "परीक्षा तुमची नाई, माह्या कागदाची आहे," ते आधीच सांगत. "लिहिणारा माणूस तिथी राह्यतच नाई ना जी. मी सांगून राह्यलो त कागद काऊन पाह्यजे मंग?" सिरोंच्याकडचे एक सर असेच अडले. दोन तास बसले, पंचफुलाबाईंनी दिलेलं जेवण जेवले आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. शालिकभाऊ स्टुलावरून हलले नाहीत. पान जमलं, माणूस न अडता शेवटपर्यंत गेला, की मात्र उठायचे, स्टूल स्वतः उचलून आत आणायचे आणि मग चहा.

आणि कुणी अडलं की त्याची नोंद पुस्तिकेत व्हायची. नाव नाही, गाव नाही, पण आमच्या भागात ओळखायला तेवढं पुरेसं. पान सहावर लिहिलंय, 'आज्ञा लिहून झाल्यावर एंटर दाबावे. एक सर न दाबता बराच वेळ वाट पाहत बसले होते.' पान नऊवर, 'उदाहरणात जिथे तुमच्या-फाईलचे-नाव असे लिहिले आहे, तिथे आपल्या फाईलचे नाव लिहावे. हेच शब्द लिहू नयेत. एका ग्रामसेवकांनी लिहिले.' ग्रामसेवक आधी रुसले. नंतर तेच गावभर सांगत फिरले की रामटेकेंच्या पुस्तकात मी आहे म्हणून.

पान चौदावर मी आहे. त्याचं असं झालं की दोन पावसाळ्यांची माझी मेहनत, बाबांचे सगळे शब्द, दुसरी प्रत न ठेवता एकाच फाईलीत घेऊन मी परीक्षेला बसले. एका फाईलीतून वाचायचं आणि दुसऱ्या फाईलीत लिहायचं, अशी आज्ञा होती. मी दोन्ही ठिकाणी एकच नाव दिलं. आपलीच फाईल, आपलंच नाव, त्यात काय बिघडलं! पण ती काळी खिडकी आधी पाटी पुसते आणि मग वाचायला घेते. एंटर दाबलं आणि फाईल कोरी. मी किंचाळले. बाहेरून उत्तर नाही. मी दारात गेले, रडतच म्हटलं, "भाऊ, सारं गेलं." शालिकभाऊंनी मान वर केली, "कोणती ओळ लिहिली होती?" मी सांगितली. त्यांनी ती वहीत उतरवली. मग पुन्हा विचारलं, पुन्हा उतरवली. मग वाक्य कसं करावं याचा विचार करत बसले. मी तिथे उंबरठ्यावर बसून पदरानं डोळे पुसतेय आणि हा माणूस शब्द जुळवतोय! चांगल्या अर्ध्या तासानं वही मिटून म्हणाले, "तुमच्या फाईलची नक्कल मी सकाळीच काढून ठेवली आहे, बाई. डब्ब्यात पेनड्राइव्ह आहे." मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. पुस्तिका छापून आल्यावर पान चौदा उघडलं, 'एका बाईंनी' एवढं दिसलं आणि फाडकन मिटलं. ते पान मी पुढे कधीच पूर्ण वाचलं नाही. म्हणून तर दर वेळी तिथे आले की मला फोन करावा लागे, दुसरं नाव काय देऊ, आधीची फाईल पुसणार तर नाही ना? आणि ते म्हणत, "पान चौदा, बाई."

पुस्तिकेच्या पहिल्या छपाईची गोष्ट तर भद्रावतीत अजून सांगतात. शालिकभाऊंनी हस्तलिखित एका झेरॉक्सवाल्याकडे टाईप करायला दिलं आणि लेकीकडे हैदराबादला गेले. या आज्ञांमध्ये जागोजाग दोन छोट्या आडव्या रेघा जोडून द्याव्या लागतात. झेरॉक्सवाल्याचा प्रोग्राम हुशार. दोन रेघा दिसल्या की आपणहून त्यांची एक लांब, देखणी रेघ करून टाकायचा. ज्यांच्या संगणकांवर शालिकभाऊंनीच अवजारं आणि फाईलीही बसवून दिल्या होत्या, त्यांना प्रती वाटल्या गेल्या आणि मूलपासून आलापल्लीपर्यंत एकाचीही आज्ञा चालेना. पुस्तिकेवर नंबर घरचा. आठ दिवस घरातला फोन पंचफुलाबाईंनी घेतला. आधी त्यांना काही कळेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी शालिकभाऊंची वही काढली, छापील पान शेजारी ठेवलं आणि डोळ्यांनी फरक शोधून काढला. मग कुणाचाही फोन आला की हॅलोच्या आधी म्हणायच्या, "दोन मारा जी, दोन. एक नोका मारू." शालिकभाऊ परत आले तेव्हा तक्रारी संपल्या होत्या. त्यांनी पुढची प्रत त्याच साध्या अक्षरात स्वतः लिहिली, त्याच अवजारानं तिची पानं केली, आणि पंचफुलाबाईंना विचारलं, तुमची नोंद कोणत्या पानावर घेऊ? त्या म्हणाल्या, "मी कुठी चुकली? चुकले तुमी."

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्यांनी 'मसुदा' असं लिहिलं होतं, आणि वर्षं गेली तरी ते काढलं नाही. मी एकदा डिवचलं, "भाऊ, हे काय जन्मभर मसुदाच राहणार का?" म्हणाले, "तुमी ज्या दिवशी मले न विचारता, तुमच्या मशीनवर, तुमचं पुस्तक करसान ना, त्या दिवशी मसुदा खोडतो." माझ्या लॅपटॉपवर त्यांनी ती अवजारं घालूनही दिली होती. पण घरी मी आज्ञा नुसती लिहून त्यांना फोन करत असे, एंटर कधी दाबलं नाही. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकायचा, दोन गाड्या बदलून भद्रावतीला जायचं आणि त्यांच्या संगणकावर काम करायचं, हेच मला बरं वाटे. खरं सांगायचं तर मला पुस्तक संपवायचंच नव्हतं. संपलं असतं तर फोन करायला कारण काय उरलं असतं? हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

त्या दिवशी, माझा फोन ठेवल्यावर, त्यांच्याकडे परीक्षा होती. आलापल्लीकडचे एक वनरक्षक, कोडापे, जंगलातल्या झाडांची गोंडी नावं लिहून घेऊन आले होते. स्वतःचा लॅपटॉप घेऊन येणारे ते पहिलेच. शालिकभाऊ खूश झाले, कागद दिले, दार लोटलं आणि स्टुलावर जाऊन बसले. कोडापे पहिल्याच आज्ञेला अडले. त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. नियम माहीत होता, म्हणून पुन्हा वाचलं, पुन्हा अडले, पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. कोडापे बिचारे पाऊण तास घाम पुसत पहिलीच ओळ लिहीत राहिले... पंचफुलाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा शालिकभाऊ भिंतीला टेकून बसलेले होते, वही मांडीवर. डॉक्टर म्हणाले, झोपेत जावं तसे गेले, कळलंही नसेल. वहीत शेवटची ओळ होती, 'कोडापे. पहिलीच आज्ञा. थांबले. काऊन?'

शालिकभाऊंच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या श्रद्धांजलीला, मंडप भरला होता. वंदना झाली, मग लोक बोलायला उठले. पहिले उठले ते सिरोंच्याचे सर. त्यांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी पान सहा." क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून ग्रामसेवक उठले, "मी पान नऊ." कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "मी बावीस, खालची टीप." मंडपात हसू फुटलं, आणि हसताहसताच लोक रडत होते. मीही उठले. आयुष्यात पहिल्यांदा न लाजता म्हटलं, "मी पान चौदा." सगळ्यांत शेवटी कोडापे उभे राहिले. एवढंच म्हणाले, "मी कोनत्याच पानावर नाई. माही परीक्षा अर्धीच राह्यली. भाऊंनी काऊन म्हनून लिहिलं, अन् मले अजूनही मालूम नाई काऊन ते." मग कुणीतरी विचारलं, शालिकभाऊ स्वतः कोणत्या पानावर आहेत? पुस्तिका हातोहात फिरली. ते कुठेच नव्हते. पंचफुलाबाई म्हणाल्या, "त्याईची चूक कोणाले सापडलीच नाई." त्या अभिमानानं म्हणाल्या की रागानं, मला कळलं नाही.

गेल्या आठवड्यात मी भद्रावतीला गेले. शालिकभाऊंच्या संगणकावर काम करावं म्हटलं तर पासवर्ड कुणालाच माहीत नाही, हे पंचफुलाबाईंनी फोनवर आधीच सांगितलं होतं. एंटर दाबा हेसुद्धा लिहून ठेवणाऱ्या माणसानं तेवढं मात्र कुठे लिहिलं नव्हतं. म्हणून या खेपेला माझाच लॅपटॉप सोबत होता. दाराबाहेर निळं स्टूल तसंच, भिंतीला लागून. पंचफुलाबाई त्याला कुणाला हात लावू देत नव्हत्या. झाडताना त्याच्या भोवतीनं झाडत. मी खोलीत बसले, दार लोटलं आणि पहिल्यांदा पुस्तिका पहिल्या पानापासून, मोठ्यानं वाचत, काम करायला घेतलं. घरी मी ती मध्येच कुठेतरी उघडून, त्यांना फोन करून भागवत असे. पहिली आज्ञा लिहिली. एंटर दाबलं, सरांची आठवण ठेवून. खिडकी म्हणाली, अशी फाईलच नाही. नाव तपासलं, रेघा तपासल्या, दोनच होत्या. पुन्हा लिहिली. अशी फाईलच नाही. फाईल तर मला समोर दिसत होती! मी बराच वेळ तशीच बसले, आणि मग हातानं आपल्या सवयीनं फोन उचलला आणि शालिकभाऊंचा नंबर लावला.

घंटी वाजली. स्वयंपाकघरातून वाजली. मी दचकून फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बाई, मी इथीच आहो. बोला, काय म्हणते ते?" मी म्हटलं, फाईल सापडत नाही म्हणतेय. पंचफुलाबाई हात पुसत दारात आल्या. "मंग कुठी ठेवली तुमी?" मी म्हटलं, इथेच आहे वहिनी, माझ्या संगणकात. "इथी म्हणजे कुठी? त्याईच्या खिडकीले मालूम राहे. हे फाईल घेत अन् आपल्या हातानं तिथीच टाकून देत. तुमी कुठी टाकली?" आणि मग पदर खोचत पुढे म्हणाल्या, "त्याईले वस्तू कुठी आहे हे सांगाची सवयच नव्हती. चष्मा आण म्हणे, कुठी आहे ते नाई सांगे. सारं हाताशी मिळे ना."

मी पुस्तिका उलटीपालटी केली. काम चालू करण्याआधी आपली फाईल ज्या कप्प्यात, म्हणजे फोल्डरात, आहे त्या कप्प्यात जावं लागतं, हे पार मागे, पान एकतीसवर, जाणकारांसाठी म्हणून दिलं होतं. पहिल्या पानावर त्याचा शब्दही नव्हता. कसा असणार? शालिकभाऊंची काळी खिडकी उघडायची तीच त्यांच्या कामाच्या कप्प्यात. इतकी वर्षं परीक्षेत तो माणूस कटाक्षानं खोलीबाहेर बसला, पण स्वतःचा संगणक आत ठेवून गेला, आणि त्याच्या आधारानं आम्ही सगळे पास झालो. कोडापे स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले आणि पहिल्याच ओळीला थांबले. ते का थांबले, शालिकभाऊंच्या त्या 'काऊन?'चं उत्तर एवढंच होतं. मला इतकं हसू आलं, आणि इतकं वाईट वाटलं की हे ऐकून जो माणूस आनंदानं स्टुलावरून उठला असता, तोच नव्हता.

मी पान एकतीसप्रमाणे माझ्या कप्प्यात गेले. दुसऱ्या फाईलीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा पान चौदा उघडलं आणि या खेपेला मिटलं नाही. 'दोन्ही फाईलींची नावे सारखी देऊ नयेत. एका बाईंनी दिली होती.' त्याच्या पुढे, मी कधी न वाचलेली ओळ होती. 'दोष बाईंचा नाही. मी तोवर हे लिहिले नव्हते.' अक्षरं धूसर झाली, थोडा वेळ थांबावं लागलं. मग वेगळं नाव दिलं आणि एंटर दाबलं. बाबांचे शब्द पानापानांनी मांडून आले, पाण्याचे रंग एका पानावर, जाळ्याच्या गाठी दुसऱ्या पानावर. मी भाऊंना काही विचारलं नव्हतं, विचारलं ते वहिनींना.

कोडाप्यांना तिथूनच फोन केला. उत्तर ऐकून ते म्हणाले, "म्हंजे मी बरोबर ठिकानी थांबलो होतो." मग मी पेन्सिल घेतली. मसुदा हा शब्द खोडला नाही, तो हक्क माझा नव्हे. पहिलं पान काढलं आणि पहिल्या आज्ञेच्या वर लिहिलं, 'आधी आपली फाईल जिथे आहे त्या कप्प्यात जावे, पान ३१ पाहा. एका लेखकांनी हे इथे लिहिले नव्हते. दोष त्यांचा नाही. त्यांना ते हाताशीच होते.'

पंचफुलाबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "हे कोणाचं?" त्यांनी विचारलं. "भाऊंचं," मी म्हटलं. "पान एक." त्यांनी ते दोनदा वाचलं. मग बाहेर गेल्या, स्टूल उचलून आत आणलं, जागेवर ठेवलं आणि चहा टाकला.